मातामायच्या नावाचा कोंबडा

डिसेंबर अर्धा सरला की माझ्या नातीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागते आणि मला भीती लागते. ती दप्तर कोपऱ्यात भिरकावते, मी उगाच दार लावून घेते. उत्तरेकडून येणारं ते कोरडं वारं, तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास, गच्चीवरचं लोळत पडलेलं ऊन, सगळं गोड, आणि मी मात्र दाराची कडी पुन्हा तपासते. नात म्हणते, "आजी, सुट्टीले कोणी भेते का?" मी म्हणते, "बाई गं, मी भ्यायला लागले तेव्हा तुझा बापसुद्धा जन्मला नव्हता, त्यामुळे माझा अनुभव दांडगा आहे."

आता वर्ध्यात सिमेंटच्या घरात राहते. समोरच्या गच्चीवर कोणी दोन कोंबड्या पाळल्या आहेत, शहरी कोंबड्या, भात उरला तर नाक मुरडणाऱ्या. त्यांतली एखादी घार बघायला मान वाकडी करून आभाळाकडे पाहते आणि इकडे माझ्या हातातला चहा बशीत. घार निघून जाते, कोंबडी मान सरळ करते, मग मी चहा पिते. एका घारीपायी माझा किती चहा सांडला असेल, त्यात एक म्हैस आंघोळ करू शकली असती.

माझं लग्न झालं त्या सालची ही गोष्ट. पुलगावच्या अलीकडचं, नदीकडे पाठ करून बसलेलं गाव. घरात तिघं. मी, माझी सासू, आणि माझे हे. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची चाल नव्हती. आता माझे दात पडले आणि चालही पडली, म्हणून लिहिते, मोतीराम. ते गिरणीत रातपाळीला जायचे. सासूला मी आमच्याकडच्या रीतीने मामीजी म्हणायची. मामीजी उंचीने एवढ्याशा की पाणी भरायला वाकल्या तर रांजणात पडतील अशी धास्ती वाटे. पण त्यांचा आवाज निघाला की नदीपलीकडची जनावरं घरी यायची. दुसऱ्यांची.

आणि कोंबड्या. त्या तर खऱ्या घरधनी. माणसं दोन खोल्यांत, कोंबड्यांना अख्खं अंगण. पहाटे खुराड्याचं दार पुरतं उघडण्याआधी एकेकीला बाहेर काढून चाचपायचं, आज अंडं देणार की नाही. जिच्या पोटात अंडं आहे तिला डाल्याखाली ठेवायचं, नाहीतर ती शेजारच्या कडब्यात जाऊन अंडं घालते आणि वर शेजारणीचंच कौतुक करत येते. मामीजी बोट लावून सांगत, "हे देते. हे फसवते. हे उद्या." मला ते जमेना. मी चाचपलं की कोंबडी माझ्याकडे अशी बघे जशी मीच तिची सून आहे.

थंडी त्या साली अशी पडली की चुलीतला विस्तव आपणच राखेची गोधडी अंगावर ओढून घ्यायचा. वेचणीला गेलेल्या बायका कापूस ओटीत भरण्याआधी दोन घटका त्यात हात खुपसून बसायच्या. कोंबड्या तर खुराड्याचं दार उघडलं तरी बाहेर यायच्या नाहीत. मामीजी म्हणत, "निंगा वं माय बाहेर, तुमच्यासाठी काय ऊन आत आणून देऊ?"

हसू येतं लिहिताना. पण त्या थंडीत आमच्या घरात हसण्यात थोडं कापरं होतं. त्याचं कारण देवळीत होतं.

भिंतीतल्या त्या देवळीत पूर्वी देव होते. दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो, पांढरी लुगडी नेसून. आगगाडीत एवढी माणसं की मी चढले एका दारातून आणि माझं लुगडं चढलं दुसऱ्यातून. तिथे दीक्षा घेतली. परत आल्यावर मामीजींनी देव टोपलीत घातले, नदीवर गेल्या, रिकामी टोपली घेऊन आल्या. देवळी वर्षानुवर्षांच्या धुराने काळी झालेली, आणि जिथे जिथे देव उभे होते तिथे तिथे पांढरे ठिपके उरलेले. मामीजी दर आठ दिवसांनी भिंत सारवायच्या. पण देवळीपाशी आल्या की हात त्या ठिपक्यांना वळसा घालून जायचा. पुसायचं धाडस नव्हतं, पुजायचं मन नव्हतं. वळसा, बस.

आणि मग डिसेंबर लागताच, ज्यांच्या मागे आम्ही हा रस्ता धरला होता तेच गेले. आमच्या मोहल्ल्यात कोणाची चूल पेटली नाही. रडून रडून बायांचे डोळे असे सुजले की एकमेकींना आवाजावरून ओळखत. रस्ता तोच होता, पण पुढे चालणारं माणूस नव्हतं. अशा वेळी मागून कोणी हाक मारली तर काळजात कसं होतं, ते ज्याला झालं त्यालाच ठाऊक.

आमची मागची हाक अंगणात फिरत होती. तिला तुरा होता.

तो कोंबडा मातामायच्या नावाने सोडलेला. मातामाय म्हणजे गावाच्या शिवेवर, निंबाखालचा शेंदूर फासलेला दगड. मोतीराम पोरसवदा होते तेव्हा त्यांना मुदतीचा ताप आला होता. जगत नाहीत असं वैद्याने सांगितलं, तेव्हा मामीजी नवस बोलल्या. पोरगं उठलं आणि त्याचं लग्न झालं, तर लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत कोंबडा देईन. पोरगं उठलं. माझ्याशी लग्नही झालं, म्हणजे ताप परवडला असं ते पुढे म्हणायचे. कोंबडा निवडला गेला, पाळला गेला, पोसला गेला. आणि थंडी पडायच्या आत आम्ही देवच सोडले.

आता करायचं काय त्याचं? कापायचा तर मातामायसाठी, ती आता आपली नाही. खायचा तर हात धजत नाही. विकायचा तर पैसे कोणाचे? असा तो बेवारस राजा. उंचीला माझ्या कमरेएवढा होता. गावातले लोक म्हणतात गुडघ्याएवढा, पण ते त्याच्यापासून लांब उभं राहून बघायचे. आरवला की पुलगावच्या गिरणीचा भोंगा वाजायचं विसरायचा. कुत्री त्याला बघून रस्ता बदलत. एक बैल तर त्याने असा पळवला की मालकाला तो दोन गावांपलीकडे सापडला, आणि परत यायला तयार नव्हता. मोतीरामांनी सक्त सांगून ठेवलेलं, "माय, आजपासून त्याले मातामायचा म्हणाचं नाई. नुसता कोंबडा म्हणाचं." मामीजी मान डोलवत. आणि संध्याकाळी त्याला दाणे टाकताना पदर डोक्यावरून घेत. कोंबड्यापुढे कोणी पदर घेतं का? मी मात्र बघितलं.

बडा दिन, म्हणजे नाताळ, जवळ आला की साहेबांच्या बंगल्यावरचा खानसामा सायकल घेऊन गावोगाव फिरायचा. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना टोपल्या, टोपल्यांतून माना बाहेर. अंगणात शिरला की आधी आमचा चहा प्यायचा, मग आमच्या कोंबड्यांना नावं ठेवायचा.

"बाई, ये मुर्गी है की चिमणी?"

"मंग चिमणीच्या भावात घेजो का? ठेव खाली."

त्या वर्षी त्याची नजर ह्या कोंबड्यावर पडली आणि चहा थंड झाला.

"ये दे दो. बडे साहब की टेबलपर यही शोभेगा."

"तो नाई भेटत," मामीजी म्हणाल्या.

"काऊन? नौकरी लगी है क्या इसकी?"

"त्याले नाव लागलं आहे."

"किसका?"

मामीजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढी बोलकी बाई, नदीपलीकडची जनावरं वळवणारी, तिला त्या एका शब्दाचं उत्तर देता आलं नाही. खानसामा म्हणाला, बडा दिनाला परत येईन, तोवर सोच लो. कोंबड्याने त्याच्या पायजम्याचा एक तुकडा ठेवून घेतला.

दोन-चार दिवसांत बातमी आली. रुळांपलीकडच्या गावात मानमोडी आली.

ज्यांनी मानमोडी बघितली नाही त्यांनी सुखाने झोपावं. कोंबडी आधी दाणा सोडते. पंख असे लोंबतात जसं दुसऱ्याचं पोलकं घातलंय. आणि मग मान पिळवटायला लागते, पिळवटत पिळवटत वाकडी होते आणि जीव आभाळाकडे बघत राहतो. एका गावात शिरली की अंगणंच्या अंगणं रिकामी. आम्ही कोंबड्या आत कोंडल्या. निंबाच्या पाल्याचा धूर केला. एवढा धूर, की मोतीराम दारातून आत आले आणि मागच्या भिंतीला धडकून बाहेर गेले. पाण्यात हळद घातली, लसूण ठेचून चारला. कोंबड्यांनी लसूण खाल्ला नाही, आम्हालाच खायला लावला.

जुनी रीत वेगळी होती. रोग आला की मातामायला कोंबडा द्यायचा, मग ती रोगाला शिवेबाहेर नेते. हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. शेजारच्या गयाकाकू, आमच्यासोबतच नागपूरला आलेल्या, भिंतीवरून डोकावल्या.

"कोंबडा खाल्ला काय वं माय तुम्ही मातामायचा?"

"नाई," मामीजी म्हणाल्या.

"देल्ला?"

"नाई."

"मंग?"

त्या संध्याकाळी मामीजींनी मुलापुढे विषय काढला, फिरवून फिरवून, जसं गरम भाकरीला हात लावतात.

"कोंबडीले रोग होते माय," मोतीराम म्हणाले. "रोगाले डॉक्टर असते."

"कुठी आहे कोंबडीचा डॉक्टर?"

"येईन एक दिवस."

"आन तवर?"

त्यांनी मफलर गळ्याला गुंडाळला. मग हळूच म्हणाले, "तो कोंबडा तिकडे गेला, तर मी ह्या घरचं पाणी पेणार नाई. एवढं ध्यानात ठेवजो."

मामीजी कोंबड्यांसाठी नव्हत्या भीत. मला ते तेव्हा समजलं. कोंबड्या मेल्या असत्या तर त्या रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या बाजारातून पिलं आणली असती. भीती होती ती नवसाची. नवस मुलाच्या जिवावर बोललेला. तो फिटला नाही, तर मातामाय काय परत मागेल? कोंबडा थोडाच मागेल! मामीजी रातपाळीहून आलेल्या मुलाच्या ताटात भाकरी वाढायच्या आणि तो जेवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायच्या. मोतीरामांना शिंक आली की माय दचके आणि बायको दचके. बिचाऱ्यांनी शेवटी अंगणात जाऊन शिंकायला सुरुवात केली.

एका सकाळी मी खुराडं उघडलं. बाकीच्या निघाल्या. पिवळी कोंबडी निघाली नाही. हात घालून काढली तर अंग कोमट, पंख सैल, आणि मान... मान अशी वळलेली की चोच पाठीकडे, डोळा आभाळाकडे. मी ओरडले असेन, कारण मामीजी धावत आल्या. आम्ही दोघी वाकून तिच्याकडे बघतोय, एवढ्यात फाटक वाजलं आणि रातपाळीवरून मोतीराम आत आले.

मान वाकडी.

डावा कान खांद्याला टेकलेला, हनुवटी वर, डोळे आभाळाकडे. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत आणि ह्याच लेखात पाच-सहा मारल्या, पण हे खरं आहे. कोंबडीची मान आणि माणसाची मान, एकाच बाजूला, एकाच वळणात.

"काय झालं?" मला वाटतं मी विचारलं.

"काई नाई व," ते आभाळाशी बोलल्यासारखे बोलले. "कापसाच्या गाडीत बसून आलो. झोप लागली. मान लटकून राह्यली, आखडली."

म्हणाले आणि वाकड्या मानेनेच गोधडीत शिरले. मामीजींनी पिवळीकडे बघितलं. गोधडीकडे बघितलं. मग त्यांनी पिवळी डाल्याखाली झाकली.

दुपारी गाव शेतात गेलं. मामीजींनी पोत्यात न मावणारा तो कोंबडा काखेत घेतला, वरून पदर लपेटला, कमरेला विळा खोवला. "सूनबाई, मी काड्या वेचून येतो." मी मागे निघाले. एकटीला घरात त्या मानेपाशी बसवत नव्हतं. पदराखाली कोंबडा, म्हणजे एखादी बाई अचानक नऊ महिन्यांची झाल्यासारखी, आणि पोटातून तुरा बाहेर.

शिवेकडची वाट. तुरीची शेतं दोन्ही बाजूंना, शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या आणि मला वाटत होतं आमच्याच मागे कोणी पैंजण घालून येतंय. वळून बघायची हिंमत नाही. निंब दिसला. दगड दिसला. आणि अलीकडे, चिंचेच्या सावलीत, उभ्या होत्या गयाकाकू.

"काय वं, इकडे?" मामीजी.

"काड्या वेचाले," गयाकाकू म्हणाल्या. त्यांचा पदर फडफडला.

चिंचेच्या बुंध्यामागून आणखी एक जण निघाली. तीही काड्या वेचायला. खालच्या घरची म्हातारी, तीही. आमच्या मोहल्ल्यातल्या अर्ध्या बाया काड्या वेचायला आल्या होत्या आणि कोणाच्याच हातात काडी नव्हती. मग आमचा पदर आरवला. त्याला उत्तर म्हणून गयाकाकूंचा पदर आरवला. मग सगळेच पदर. एवढा कल्लोळ, की निंबावरचे पोपट उडून थेट मध्य प्रदेशात गेले असावेत. कोणी तरी हसलं. मग सगळ्याच हसल्या, पोट धरून, कोंबडे धरून. आणि मग हसू एकदम विझलं, कारण आपण इथे कशाला आलोय हे सगळ्यांना एकाच वेळी आठवलं.

खालची म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "आता साऱ्याच आहो. कोणी कोणाले सांगाचं नाई. करून टाकू न घरी जाऊ."

सगळ्यांनी मामीजींकडे बघितलं. मामीजींनी विळा काढला. मी त्यांच्या बाजूला उभी होते. त्यांनी दगडाकडे बघितलं, मग खाली, आपल्या पायांकडे. मीही बघितलं. आम्ही सगळ्या चिंचेपाशी उभ्या होतो. दगड तिकडे, चांगला लांब. मधली जागा मोकळी, आणि एकीनेही त्या मोकळ्या जागेत पाऊल टाकलं नव्हतं. कोणी अडवायला नव्हतं. सवयीने थांबलो होतो. आमच्या लोकांना चिंचेच्या पुढे जायची मुभा कधीच नव्हती. कोंबडा इथून द्यायचा, वरच्या आळीचं माणूस तो तिकडे नेणार, पूजा त्याच्या हाताने.

मामीजींनी विळा खाली केला. मग त्यांचा आवाज आला, जनावरं वळवणारा नव्हे, अगदी बारीक.

"गया, पोराच्या तापात मी इथूनच नवस बोलली होती."

"हो वं."

"इथून. रडून रडून आवाज बसला होता माह्या. माह्याच कानाले येत नव्हता." त्यांनी दगडाकडे विळ्यानेच बोट दाखवलं. "तेथवर गेला असंन काय?"

गयाकाकूंनी दगडापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं.

"जिनं मले कधी जवळ येऊ नाई देल्लं, तिनं माह्यं आयकलं कसं? आन आयकलंच नसंन, तर फेडाचं काय?"

मला वाटलं आता काहीतरी होणार. आभाळ फाटेल, निंब कोसळेल. मी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. तुरी खुळखुळत होत्या. डोळे उघडले तेव्हा मामीजी वळल्या होत्या, विळा परत कमरेला, कोंबडा काखेत, आणि मी त्यांचा दंड धरला. कोणी कोणाला धरलं होतं ते आता सांगता येत नाही. मागून एक-एक बाई निघाली. एकही मागे वळून बघत नव्हती. सगळ्या भीत होत्या आणि सगळ्या घराकडे चालल्या होत्या.

दारात मोतीराम उभे, मान तशीच वाकडी.

"कुठी गेलती?"

"काड्या वेचाले," मामीजी म्हणाल्या.

"काड्या?"

"भेटल्या नाई."

त्यांनी मायच्या काखेतल्या कोंबड्याकडे बघितलं. मान सरळ करता येत नव्हती, त्यामुळे एका डोळ्याने, तिरपं, पुष्कळ वेळ. मग रांजणाकडे गेले, गडू भरून पाणी घेतलं आणि आमच्या दोघींसमोर प्यायले.

पुढचे दिवस मला धुरासारखे आठवतात. मीठ तव्यावर भाजायचं, फडक्यात बांधायचं, मानेला शेक द्यायचा. शेक देताना मामीजींचे ओठ हलायचे, काय म्हणायच्या कळत नसे. कदाचित काहीच म्हणत नसाव्यात, नुसते ओठ हलवायची जुनी सवय. अंगणात रोज एक-दोन डाली रिकामी होत होती. पिवळी गेली, तिच्या मागे फसवणारी गेली, उद्या देणारी गेली. इकडे मान बोटभर सरळ होई, तिकडे दोन कोंबड्या मरत. जसा काही हिशेब चालला होता आणि तो कोणाच्या बाजूने संपेल हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्याच अंगणात नाही, वरच्या आळीतही मानमोडी शिरली, जिथे मातामायला कोंबडे रीतसर गेले होते. ते ऐकून गयाकाकू मामीजींच्या पायरीवर येऊन बसल्या. दोघींनी मिळून एक शेंग सोलली.

मान सरळ झाली. एका सकाळी ते उठले आणि सरळ माझ्याकडे बघितलं, आणि मी आत जाऊन रडले.

बडा दिनाच्या दिवशी अंगण इतकं शांत होतं की गिरणीचा भोंगा आमच्या घरातच वाजल्यासारखा वाटला. खानसामा आला. रिकाम्या टोपल्या, उतरलेलं तोंड, सगळीकडे हेच. आणि अंगणाच्या मधोमध तो एकटा उभा, तुरा ताठ. मानमोडी त्याच्याही जवळ आली असणार. त्याला बघून तिनेही रस्ता बदलला असेल.

"बाई, अब तो बोलो. किसका है?"

मामीजींनी पदर सावरला. सावरला, पण डोक्यावरून नाही घेतला. "आमचा आहे," म्हणाल्या. "आन विकाचा नाई."

माझ्या माहेरून, अल्लीपूरहून, भावाने चार तलंगा पाठवल्या, कोवळ्या, अजून अंड्यावर न आलेल्या. उन्हाळ्याच्या आत अंगण पिलांनी भरलं. त्यानंतर वर्धा जिल्ह्यात जी कोंबडी जरा जास्त माजोरीने चालते ती त्याच्या वंशातली, असं मी कोणालाही लिहून देईन. देवळीतले पांढरे ठिपके मात्र मामीजींनी कधीच सारवले नाहीत. धुराने तेच हळूहळू काळे झाले.

आणि भीती? ती काही गेली नाही. ती गेली असं सांगितलं असतं तर लेख छान संपला असता, पण एवढी मोठी थाप मलाही मारवत नाही. मोतीराम पुढे मोहल्ल्याचे पुढारी झाले. सभेत उभे राहिले की नवस, अंगारे, उतारे ह्यांची अशी सालं काढायचे की ऐकणारे घरी जाऊन ताईत सोडायचे. पण थंडी पडली, शाळांना नाताळची सुट्टी लागली, की ते कामावर निघताना मामीजी दारात आडव्या यायच्या. "थांब, मफलर नीट नाई," म्हणायच्या. मफलर नीटच असायचा. त्या तो सोडायच्या, आणि दोन्ही हातांनी मुलाची मान चाचपायच्या. इकडून, तिकडून, मागून, जशी पहाटे खुराड्यापाशी कोंबडी चाचपत तशी, डोळे मिटून.

आणि सगळ्या गावाशी वाद घालणारा तो माणूस, आई ठेंगणी आहे म्हणून, गुडघे थोडे वाकवून, तिचं होईपर्यंत गुपचूप उभा राहायचा.